बाबा, यंदा १ जुलैला तुम्ही गेले नाहीत

आई, बाबा,

आई परवा फोनवर बोलता बोलता सांगून गेली की यंदा कृषी दिनाला, वसंतराव नाईक साहेबांच्या जयंतीला, बाबा शाळेत गेलेच नाहीत, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. फोनवर बाबा "हो, बरं" म्हणतात न मोबाईल आईच्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले.

बाबा, ग्रामपंचायतीत तुम्ही ९ मतांनी पडले. मला माहीत आहे ते किती लागलं तुम्हाला. पण नाईक साहेबांच्या फोटोला हार घालणं सोडायचं? लहानपणी सायकलवर पुढे बसवून तुम्हीच सांगायचे ना, गहुलीचा पोरगा, पुसदला वकिली केली, १९४६ मध्ये नगरपालिकेचा अध्यक्ष झाला, १९५२ ला आमदार. तुम्ही ते इतक्या वेळा सांगितलं की मला पाढ्यासारखं पाठ झालं, आणि इथं मुंबईत आल्यावर एकदा सगळं नीट वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी तुम्ही कधी सांगितली नव्हती. मतदारसंघ आपला पुसदच, पण माणूस तीन राज्यांच्या विधानसभेत बसला. आधी मध्य प्रदेश, तेव्हा राजधानी नागपूर, मग १९५६ पासून द्विभाषिक मुंबई, मग १९६० पासून महाराष्ट्र. राज्य बदललं, राजधानी बदलली, आणि हे दरवेळी नव्या ठिकाणी जाऊन कामाला लागले. तेव्हाचे मुख्यमंत्री कन्नमवार वारल्यावर डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले ते फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सलग ११ वर्षांच्या वर.

पण मला मुख्यमंत्रिपदापेक्षा त्याच्या आधीचं काम मोठं वाटतं. महसूलमंत्री असताना पंचायत राजसाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष तेच होते, आणि तिच्या शिफारशींवरून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या. म्हणजे बाबा, गावच्या कामासाठी तुम्ही पंचायत समितीच्या ज्या ऑफिसात चपला झिजवल्या, त्याच्यामागे आपल्याच तालुक्यातला माणूस आहे. हे वाचून मला रडूच आलं, खरं सांगते.

आणि हायब्रीड ज्वारी. आजी म्हणायची ना, "भाकर गोड नाही लागत पण पोटं भरली बाप्पा." पहिलं हायब्रीड वाण १९६४ चं, तुम्ही तेव्हा पाळण्यात असाल. अकोल्याचं कृषी विद्यापीठही त्यांच्याच काळातलं, १९६९ चं. सगळंच चांगलं झालं असं नाही, आपल्या कापसाचं अन् पाण्याचं दुखणं आजही तसंच आहे, त्यावर तुमचं अन् काकांचं भांडण मी लहानपणापासून ऐकते, न त्यात मला काकांचं जास्त पटतं, रागावू नका.

१९७७ मध्ये काँग्रेसची देशभर दाणादाण उडाली तरी ते वाशिममधून लोकसभेत गेले, ते का ते तुम्हीच मला सांगितलं होतं, गावागावातल्या लोकांना ते नावानं हाक मारत. तुम्हीपण मारता बाबा, त्या ९ मतांनी ते जात नाही.

पुढच्या ग्रामसभेला जा. पाण्याच्या टाकीच्या अर्जाच्या सगळ्या तारखा तुमच्या डायरीत आहेत, त्या दुसरं कोण सांगणार तिथं? आई, तू सोबत जा, आणि बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील तर आत्ताच सांग. दिवाळीला येते.

तुमची,
माई