साखळीचा तक्ताही छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधील वर्षअखेरची एटीपी फायनल्स ही स्पर्धा २०२१ पासून इटलीतील तुरिन येथे नोव्हेंबरमध्ये भरते. तेथील रात्रीचे सामने आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू होत असल्याने गुहागरला सकाळी येणाऱ्या आपल्या अंकात त्यांचे निकाल नसतात, याबद्दल तक्रार नाही. मात्र त्यापुढच्या दिवशीही ‘अमुक विजयी’ अशा चार ओळींवर वाचकांची बोळवण व्हावी, हे पटत नाही.

एका पराभवाने गाशा गुंडाळावा लागेल अशी ही स्पर्धा नव्हे. वर्षभराच्या कामगिरीवर पात्र ठरलेले आठ खेळाडू चार-चारच्या दोन गटांत साखळी सामने खेळतात, प्रत्येक गटातून दोघे उपांत्य फेरीत जातात आणि तिघांची विजयसंख्या सारखी झाल्यास जिंकलेल्या सेटचे व गरज पडल्यास गेमचे प्रमाण पाहिले जाते. कबड्डीच्या मैदानाबाहेर उभे राहून गुणफरकाचा हिशेब तोंडी मांडणारे प्रेक्षक आमच्या तालुक्यात पुष्कळ आहेत. त्यांना हे जड जाणार नाही.

२०२३ मध्ये जोकोविचने शेवटच्या साखळी सामन्यात हुर्काझला हरवले खरे, पण एक सेट गमावल्यामुळे त्याचे भवितव्य सिनर-रून सामन्यावर अवलंबून राहिले. सिनर आधीच उपांत्य फेरीत पोहोचला होता आणि तो हरला असता तर जोकोविच गटातच बाद झाला असता. तरीही सिनर तीन सेट झुंजून जिंकला, आणि त्याच जोकोविचने अंतिम सामन्यात त्याला ६-३, ६-३ असे नमवले. साखळीतल्या प्रत्येक विजयाला क्रमवारीचे २०० गुण असतात हे खरे, पण सिनर तेवढ्यासाठीच झुंजला असे मला वाटत नाही. नुसत्या निकालांवरून यातले काहीच कळत नाही.

दुहेरीच्या आठ जोड्यांचाही उल्लेख व्हावा. २०१२ मध्ये लंडनला महेश भूपती आणि रोहन बोपण्णा याच स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेले होते.

तेव्हा येत्या नोव्हेंबरपासून त्या आठवड्यात दोन्ही गटांचा तक्ता रोज द्यावा, ही विनंती. त्याला लागणारी जागा क्रिकेटपटूंच्या लग्नसोहळ्यांच्या बातम्यांतून सहज निघेल.

– आपला एक नियमित वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)