तिथी बघून रग्बी

गुहागर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे दादाने कळवलं. पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय, तरी बाबांनी स्वतः वाचायचा हट्ट धरू नये. आई, तूच वाचून दाखव. फोनवर बोलायला लागलं की मधे दादाकडचा टीव्ही ओरडतो, म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढते.

आमच्या शाळेतल्या मुलींचा रग्बीचा हंगाम संपला. जिल्ह्याला पहिल्या आलो आणि विभागाला उपांत्य सामन्यात १९-१५ असे हरलो. गेल्या वर्षी जिल्ह्यालाच पहिल्या सामन्यात गारद झालो होतो. तेव्हा बाबा, तुम्ही म्हणाला होतात, "विलायती हाणामारी ती, आपल्या पोरींना कशाला?" त्याचं उत्तर आता देते. हा खेळ आपल्याकडे काही काल-परवा आलेला नाही. कलकत्त्यात इंग्रजांचा एक रग्बी क्लब होता. तो बंद पडला तेव्हा बँकेतले उरलेले चांदीचे रुपये काढून, ते वितळवून त्यांनी १८७८ मध्ये चषक घडवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच्यासाठी झुंजतात. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती! तेव्हा विलायती म्हणताना जरा जपून.

पण खरी गोष्ट वेगळीच सांगायची आहे. गेल्या वर्षी मी रोज संध्याकाळी पाचचा सराव ठेवला होता. जूनमध्ये बावीस मुली होत्या, दिवाळीपर्यंत नऊ उरल्या. मी चिडायचे, वर्गात बोलायचे, घरी चिठ्ठ्या पाठवायचे. काही उपयोग झाला नाही. यंदा शाळा सुरू झाल्यावर असगोलीच्या एका मुलीची आई दाखल्यासाठी आली होती. तिला मी जरा तोऱ्यातच विचारलं, "मुलगी सरावाला का येत नाही?" ती म्हणाली, "बाई, घड्याळ काय बघता? तिथी बघा. भरतीला होडी लागते, तेव्हा पोर मला हवी. ओहोटीला तुमचीच आहे."

समुद्रापासून दोनशे पावलांवर वाढलेली मी, आणि हे मला कुणीतरी सांगावं लागलं! आई, तू हसशील. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, दुपारच्या आसपास भरती आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी. पुढे रोज पाऊण-एक तास उशीर. अष्टमीला सगळं उलटं, संध्याकाळी पाणी वर. त्या दिवसापासून सरावाचं वेळापत्रक मी कालनिर्णय समोर ठेवून लिहायला लागले. द्वादशीपासून तीजेपर्यंत संध्याकाळी समुद्रकाठच्या वाळूवर, पुळणीवर, पुढे दोन-तीन दिवस सकाळी, आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत शाळेच्या आवारात नुसतं पळणं आणि पास.

याचा आणखी एक फायदा झाला, जो मी योजला नव्हता. शाळेचं मैदान म्हणजे जांभ्याचा कातळ. तिथे टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून पाडणं, शिकवायचा म्हणजे गुडघे फोडून घ्यायचे. ओहोटीची ओली वाळू मात्र घट्टही असते आणि पडणाऱ्याला सांभाळतेही. पावसाळ्यात समुद्र पुळणच खाऊन टाकतो, म्हणून टॅकल सुरू झाला तो गणपतीनंतर. काठीने रेघा ओढायच्या, पोफळीचे दोन वासे गोलपोस्ट म्हणून रोवायचे. तासाभरात मैदान पुसायला समुद्र हजर.

आणि टॅकल शिकवला तो बाबांनी. तुम्हाला आठवतही नसेल. ऑगस्टमध्ये फोनवर मी कुरकुरत होते की आमच्या पोरी कबड्डीवाल्या, समोरचीचे पाय धरतात झकास, पण पंच शिट्टीवर शिट्टी वाजवतो. रग्बीत समोरची जमिनीवर पडली की तिला आणि चेंडूला लगेच सोडावं लागतं, नाहीतर पेनल्टी. कबड्डीत सुटू द्यायचं नसतं, इथे धरून पाडायचं आणि सोडायचं. तुम्ही कबड्डीत डावा कोपरा सांभाळलेले. म्हणालात, "मग पकड शिकवू नकोस, पडणं शिकव. डोकं तिच्या पाठीच्या बाजूला, खांदा मांडीत, आणि जमीन लागली की हात उघड." मी तेवढंच शिकवलं, तीन आठवडे. 'जमीन लागली, हात उघड' हे त्या आता जेवणाच्या सुट्टीतही म्हणतात. जिल्ह्याच्या चार सामन्यांत आमच्याविरुद्ध त्या चुकीची शिट्टी दोनदाच वाजली.

मुलींना एकदा मोबाइलवर फिजीचा सामना दाखवला. २०१६ साली रिओत रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचं रग्बी, पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, आणि दहा लाखांहून कमी वस्तीच्या त्या बेटांनी ब्रिटनला ४३-७ असं धुऊन सुवर्ण नेलं. तिथली पोरं कशी सराव करतात तेही दाखवलं. एक जण पटकन म्हणाली, "बाई, ही पण माडांखालीच खेळतात की!" त्यानंतर पुळणीवर खेळायची लाज कुणाला वाटली नाही.

आता हरलो ते सांगते. पुळणीने टॅकल दिला, तसं एक काढूनही घेतलं. सेव्हन्समध्ये ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या रेघेपलीकडे चेंडू टेकवल्याचे, पाच गुण, आणि नंतर चेंडू जमिनीवर टप्पा देऊन तो उसळताना लाथ मारून दोन. ओल्या वाळूत चेंडू उसळतच नाही. त्या लाथेचा सराव आम्ही केलाच नव्हता. उपांत्य सामन्यात आमचे तीन ट्राय, त्यांचेही तीन. त्यांच्या दोन लाथा लागल्या, आमची एकही नाही. चार गुणांनी गेलो. दोष माझा. अष्टमीच्या दिवसांत कातळावर तेवढंच करता आलं असतं.

त्याच सामन्यात आमच्या सगळ्यात वेगवान मुलीचं डोकं आपटलं. शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत मैदानात नाही, हा नियम. ती रडून सांगत होती की मी बरी आहे. मी तिला बसवून ठेवलं. नंतर एक पालक म्हणाले, ठेवली असती तर जिंकलो असतो. असतो कदाचित. तिला डॉक्टरांना दाखवून आणलं, आता ठीक आहे, अजून खेळू देत नाही.

कोल्हापूरहून परत येताना कुंभार्ली घाटात सगळ्या झोपल्या होत्या. मी मागे वळून मोजल्या. बारा जणी गाडीत, आणि सरावाला अजूनही एकवीस येतात. बावीसावीचं लग्न ठरत होतं, ते तिच्या आईने दहावीपर्यंत थांबवलंय. त्यात माझा काही हात नाही, पण पत्रात लिहावंसं वाटलं.

वाडीतली सुपारी उतरवून वाळत घातली आहे. सोलायला माणूस मिळत नाही, मजुरी वाढवून मागतात. आई, तुझा अडकित्ता सापडला, माळ्यावर होता.

शिमग्याला या. पौर्णिमा असेल, म्हणजे साडेपाचला ओहोटी. बाबांसाठी पुळणीवर खुर्ची टाकून ठेवते. लाथ मात्र शिकवू नका, त्याला मी दुसरं कुणी शोधलंय.

तुमची,
धाकटी