एफडी मोडू नका, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की काहीतरी दान करावंसं वाटतं, पण एफडी मोडल्याशिवाय जमायचं नाही. एफडीला हात लावायचा नाही! आणि आजारी मुलाचा फोटो पाठवून ‘आत्ताच पैसे भरा’ म्हणणाऱ्यांना आधी नोंदणी क्रमांक विचारा, मग तो धर्मादाय आयुक्तांकडे तपासून घ्या. द्यायचेच तर एकाच संस्थेला महिन्याला दोनशे रुपये द्या, पण न चुकता. कर वाचेल म्हणून मात्र देऊ नका. रोख २००० रुपयांवर दिले तर प्राप्तिकराच्या कलम ८०जीची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही.

खरं म्हणजे तुम्ही परळला राहता, हेच तुमचं भांडवल. टाटा कॅन्सर हॉस्पिटलात येणारी गावाकडची माणसं तुम्ही रोज बघता. त्यांतली बरीच दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा तिथेच परळला नाना पालकर स्मृती समितीच्या सदनात उतरतात. पैशांइतकीच त्यांची दमछाक कागदांनी होते. कुठली खिडकी, कशाची झेरॉक्स, अर्जात काय लिहायचं! बाबा, जन्मभर म्युनिसिपालटीत तुम्ही दुसरं काय केलंत? आठवड्यातून एक सकाळ अशा एखाद्या धर्मशाळेत जाऊन बसा. आधी तिथल्या व्यवस्थापकांना भेटा, परस्पर कुणाचे कागद हातात घेऊ नका.

आई, तू लगेच डबा करायला घेशील, म्हणून सांगते. केमो चालू असलेल्यांची प्रतिकारशक्ती कमी असते, बाहेरचं, कच्चं काही चालेलच असं नाही. विचारून कर. त्यापेक्षा तुझ्या कपाटातल्या सुती साड्या काढ. ‘गूंज’ संस्था जुन्या सुती कापडापासून बायकांसाठी पॅड बनवते. धुवून, घडी घालून द्यायच्या. फाटकं, डागाळलेलं गळ्यात मारायचं नाही, हे तुला मी काय सांगणार, तू तर बोहारणीलासुद्धा इस्त्री करून द्यायचीस.

रक्तदान तुम्ही दोघांनी विसरा, पासष्टच्या पुढे घेत नाहीत. ते माझ्याकडे. बायकांना चार महिन्यांनी देता येतं, तेव्हा मी मे महिना धरणार आहे. कॉलेजं बंद, निम्मी मुंबई गावाला, आणि रक्तपेढ्यांत ठणठणाट. प्लेटलेट्स तर पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत.

आता एक विषय, ज्यावर आई ‘शुभ बोल’ म्हणणार. नेत्रदान. खर्च शून्य. बाबांचा चष्मा, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, कशाचीच आडकाठी नाही. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, काम अर्ध्या तासाच्या आत होतं, चेहरा विद्रूप होत नाही. पण माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा. नुसता फॉर्म भरून भागत नाही, फोन घरच्यांनीच करायचा असतो. म्हणून दादालाही हे सगळं सांगून ठेवते आहे, आणि माझ्याबाबतीतही हेच धरून चाला.

रविवारी येते आहे, फॉर्म तेव्हाच भरू. आई, साड्या काढून ठेव, पण त्या निळ्या इरकलीला हात लावू नकोस. ती माझी.

तुमची,
मनू