करारात नाव कुणाचं

प्रिय प्राजू,

जय भीम. फोनवर बोलायला गेलं की तू विषय बदलतेस आणि तुझी आई मागून रिमोट कुठंय विचारते, म्हणून म्हणलं लिहूनच पाठवावं. मोठं झालं तर तुकड्या तुकड्यानं वाच, पण जेवताना वाचू नको, डबा नीट खा.

परवा तू हसत हसत सांगितलंस सगळं. फ्लॅट आवडला, बाल्कनी आवडली, टोकन द्यायचं ठरलं, मालकीणबाई चहा टाकायला उठल्या आणि उठता उठता पूर्ण नाव काय म्हणाल्या. तू आडनावासकट सांगितलंस. दुसऱ्या दिवशी ब्रोकरचा मेसेज, त्यांना व्हेज फॅमिली पाहिजे. तू म्हणालीस घरात नाही बनवणार, तर मग त्यांचा पुतण्या राहायला येतोय. एका रात्रीत पुतण्या पैदा झाला पप्पा, असं म्हणून तू हसलीस, मी पण हसलो. आई नाही हसली.

ते ठीक, ते मला नवीन नाही. पण फोन ठेवता ठेवता जे बोललीस ते मला खटकलंय. की तुझी ती कोल्हापूरची मैत्रीण तिच्या एकटीच्या नावानं दुसरा फ्लॅट घेणार आणि तू तिची मावसबहीण म्हणून राहणार, आयडिया ब्रोकरची. पोरगी चांगली आहे, मागं आली होती तेव्हा आईच्या हातची भाकरी दोनदा मागून खाल्ली, तिला मी काही म्हणत नाही. पण करारात तुझं नाव आहे का? एवढंच विचारायचंय.

खरं तर आधी अभिनंदन लिहायचं होतं, राहूनच गेलं. टीम लीड झालीस. मला नीट कळत नाही टीम लीड म्हणजे काय पण पोस्टात सांगून आलो सगळ्यांना, रिटायर झालो तरी जातो मी चहाच्या वेळेला. नवा पोरगा आहे बीटला, तो म्हणाला काका म्हणजे त्यांच्या हाताखाली माणसं असतात. मी म्हणलं असतात ना, आठ. आठच आहेत ना? कमी असतील तर सांगू नको.

तर करार. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा आहे १९९९ चा, त्याच्या ५५ व्या कलमात लिव्ह लायसनचा करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे असं लिहिलंय आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. आता त्या कागदावर तू नसशील तर तू तिथं कोण? डिपॉझिट अर्धं तुझं, भाडं अर्धं तुझं, आणि उद्या मैत्रिणीचं लग्न ठरलं, ठरणारच, तेव्हा मालक म्हणेल तुम्ही कोण बाई. पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर पण मावसबहीण लिहिणार का? आधार कार्डावर तर आपलंच आडनाव आहे.

माझी सगळी नोकरी पत्ते वाचण्यात गेली. केअर ऑफ लिहिलेली पत्रं मला कधीच आवडली नाहीत. दारात मालकानं "असं कुणी राहत नाही" म्हणलं की विषय संपला, मी शेरा मारायचा आणि पत्र परत. आत माणूस बसलेला दिसतोय, चप्पल ओळखतोय मी त्याची, तरी परत. एका पोराचं मुलाखतीचं पत्र असंच परत जायचं होतं, मी पानटपरीवर गाठून दिलं त्याला, नियमात बसत नव्हतं ते. तुझं पत्र हल्ली येतच नाही म्हणा, सगळं मेलवर. पण तुला कळतंय ना मी काय म्हणतो.

लेक्चर झालं. सॉरी. आई म्हणते पोरगी तीस वर्षाची व्हायला आली आणि तुम्ही अजून तिच्या दप्तराला हात घालता.

तरी एक सांगू दे. १४ एप्रिलला कुठलाही वक्ता उभा राहिला की बडोद्याची गोष्ट सांगतो, बाबासाहेब झाडाखाली बसून रडले, संकल्प केला, टाळ्या. मी लहानपणापासून ऐकतोय, आणि दरवेळी माझं डोकं त्या झाडापाशी जातच नाही, त्याच्या आधीच अडकतं, रजिस्टरपाशी. १९१७ साल, कोलंबियातून शिकून आलेला माणूस, सयाजीराव महाराजांच्या नोकरीत, आणि गावात खोली कुणी देत नाही म्हणून पारशी धर्मशाळेत उतरले, ती फक्त पारशांसाठी म्हणून वहीत पारशी नाव लिहून. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय हे. अकराव्या दिवशी ऑफिसला निघायच्या टायमाला डझनभर पारशी काठ्या घेऊन वर आले, तू कोण म्हणून. यांनी एक आठवड्याची मुदत मागितली तर संध्याकाळपर्यंत निघ म्हणाले. हिंदू मित्राकडं गेले, ख्रिश्चन मित्राकडं गेले, दोघांनी नाही म्हणलं. मग ती बाग. माझ्या डोक्यात ते दहा दिवस येतात गं. रोज जिना चढताना, खाली कुणी नाव विचारलं तर काय सांगायचं. एवढा मोठा माणूस. तुला रोज लिफ्टमध्ये मावसबहीण व्हावं लागणार, कुणी सहज विचारलं की तुमचं माहेर कोल्हापूरचं का, तर हो म्हणावं लागणार, आणि ते लक्षात पण ठेवावं लागणार.

तू म्हणशील पप्पा १९१७ आणि आता काय. बरोबर आहे, आता काठ्या घेऊन कुणी येत नाही, पुतण्या येतो.

तुझ्या मावशीकडं त्यांनी गॅझेट करून आडनावच बदललं, गावाच्या नावाला कर लावला. मी त्यांना कधी बोललो नाही, बोलणार पण नाही, त्यांच्या पोरांनी शाळेत जे ऐकलं ते मला माहीत आहे. पण सुटका होते का सांग. आडनाव झालं की लोक विचारतात मूळचे कुठले, मग कुलदैवत कोणतं, मग फोटो कुणाचे लावता. आपल्या वस्तीचं बघ. २०२० च्या डिसेंबरला सरकारनं ठरवलं, वस्त्यांची जातीवरची नावं काढायची, समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी द्यायची. चांगला निर्णय, मी नाही म्हणत नाही. आपल्याकडं बोर्ड लागला, तहसीलची माणसं फोटो काढून गेली, आणि बसचा कंडक्टर अजून जुन्याच नावानं ओरडतो. तो स्वतः आपलाच आहे, त्याला काय बोलणार!

कायदा तुझ्या बाजूनं आहे हे मात्र माहीत असू दे. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकान, हॉटेल, विहीर, तळं, घाट, रस्ता असं सगळं लिहिलंय, भाड्याचं घर त्या यादीत नाही. पण सतराव्या कलमानं अस्पृश्यता बंद केली आणि त्यावर १९५५ चा कायदा आला, त्यालाच आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या चौथ्या कलमात कुठल्याही वस्तीत राहायला घर घेताना अस्पृश्यतेवरून अडवणं हा गुन्हा आहे. आणि बाराव्या कलमात तर असंय की ज्याच्याशी हे केलं तो अनुसूचित जातीचा असेल तर कोर्टानं धरूनच चालायचं की हे त्याच कारणावरून केलं, नाही केलं हे समोरच्यानं सिद्ध करायचं. आपल्या बौद्ध लोकांना १९९० पासून अनुसूचित जातीत धरतात, म्हणजे तू त्यात बसतेस. हे मला आपल्या तालुक्याच्या वकिलांनी पुस्तक उघडून दाखवलं, मी काल मुद्दाम गेलो होतो.

म्हणजे केस कर असं म्हणत नाही मी. ब्रोकरचा मेसेज आहे ना, तो डिलीट करू नको फक्त. केस करायची तर साक्ष कोण देणार, तो ब्रोकर? त्याला परत त्याच सोसायटीत धंदा करायचाय. आणि तू एकटी तिथं, रात्री उशिरा कॅबनं येतेस. नकोच करू. करायचीच असली तर मला आधी सांग, मी येतो, आई पण येते म्हणते, तिचं मोतीबिंदूचं पुढं ढकलू. तुझं तू ठरव. मला काय वाटतं ते मलाच नीट कळत नाहीये, एकदा वाटतं गप बस, एकदा वाटतं मीच जाऊन त्या बाईंच्या दारात पोस्टाच्या ड्रेसवर उभा राहावं.

दारात उभं राहायचं मला सवयीचं आहे. पहिल्या पोस्टिंगला एक म्हातारी होती, पोरगा मुंबईला, मनीऑर्डर यायची. नोटा ओट्यावर ठेव म्हणायची, आंगठ्याचं शाईचं पॅड पण ओट्यावर, मी दोन पायऱ्या खाली. पण पोराचं पत्र वाचून दाखवायला मीच लागायचो. सुनेची भांडणं, पोटाचं ऑपरेशन, कर्ज, सगळं घर तिनं माझ्या तोंडून ऐकलं. नंतर तिचा हात लुळा पडला तर म्हणाली धर बाबा तूच आंगठा. धरला. त्यात मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, वाईट वाटलं तिचं, आणि घरी येऊन राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही.

आज्जी असती तर तिनं तुला दोन वाक्यात सांगितलं असतं. १९७८ ला मी सातवीत होतो. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आज्जीनं मला आणि आत्याला घेऊन रात्र बाभळीत काढली, सोबत पत्र्याची पेटी, पेटीत काय तर आमचे शाळेचे दाखले आणि एक पितळी तांब्या. सकाळी येऊन बघितलं तर छप्पर नव्हतं. विद्यापीठ कोणत्या दिशेला आहे हे पण माहीत नव्हतं तिला, आणि त्या नावापायी घर गेलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, आजोबा तोपर्यंत गेले होते. तुझी डिग्री आली तेव्हा त्यावर वर ते नाव छापलेलं बघून आज्जी म्हणाली याला लॅमिनेशन करा, वाळवी लागते. बाकी काही बोलली नाही. तो कागद बाई तुझ्या कपाटात आहे, पूर्ण नावाचा.

परत तिथंच आलो बघ. नव्हतं यायचं.

मैत्रिणीला सांग, दोघींच्या नावानं करा. मालक विचारेल ते विचारू दे, नाही म्हणेल तर अजून बघा, मी महिनाभर जास्तीचं पीजीचं भाडं पाठवतो, पेन्शन येते आपल्याला, लाजू नको. कुणीतरी देईल. पुण्यात देणारे पण आहेत, तुझे पहिले मालक नाही का, आज्जी गेली तेव्हा त्यांनी स्वतः गाडीत घालून स्टँडवर सोडलं तुला, त्यांनी कधी विचारलं काय? करार झाला की इंडेक्स टू चा, म्हणजे रजिस्टर झाल्याच्या कागदाचा, फोटो टाक. नाही झाला तरी फोन कर, मी ओरडणार नाही.

आणि आई शनिवारच्या गाडीनं पिशवी पाठवतेय, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला. सुकट पण भाजून डब्यात भरलीय, आता घालू का काढू म्हणून सकाळपासून मला विचारतेय, मी म्हणलं तिलाच विचारू. सांग लवकर, पिशवी शिवायचीय.

तुझा,
पप्पा