स्ट्रँगफर्डच्या काकांना, मनापासून

ती. काका,

सा. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांना कळायला हवं. तुम्हाला भेटल्यावर इंग्रजीत सांगेनच, पण समोर उभं राहून एवढं सगळं माझ्याच्याने बोलवणार नाही.

मी दाभोळच्या खाडीकाठची. भरती-ओहोटी, चिखल, खारा वारा हे सगळं जन्मापासूनचं. लग्नानंतर उत्तर आयर्लंडला आले आणि काउंटी डाउनमध्ये घराजवळच स्ट्रँगफर्डची खाडी निघाली, तेव्हा जीव भांड्यात पडला. जवळजवळ १५० चौरस किलोमीटर पाणी, आत लहान-लहान बेटं, आणि समुद्राकडे जायला पोर्टाफेरी गावापाशी जेमतेम अर्धा किलोमीटर रुंदीची वाट. भरतीचं पाणी तिथून असं घुसतं की बघणाऱ्याने काठावरूनच हात जोडावेत. या खाडीसाठी काहीतरी करावं, असं पहिल्याच हिवाळ्यात मनाने घेतलं.

पण करू कोण देणार? तुमच्याआधी मी एका गटाकडे गेले होते. नाव घेत नाही. फॉर्म भरला, वाट पाहिली, बोलावणं आलं. गेले तर मला चहाच्या टेबलाशी उभं केलं. पुढच्या वेळीही तेच. 'चिखलात फार जड काम असतं,' असं एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. मी लहानपणी गुडघाभर चिखलात उतरून कालवं काढलेली, पण ते विचारायला कुणाला वेळ होता? फोटोच्या वेळी मात्र मला हात धरून पुढच्या रांगेत आणलं. त्यांच्या पत्रकावर माझा चेहरा छापून आला. दुर्बीण काही हातात आली नाही. ते अजूनही लागतं, काका. खोटं कशाला बोलू?

तुमच्याकडे आले ती मन घट्ट करूनच. माझ्याकडे गाडी नाही म्हटल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, 'बस कुठे सोडते?' आणि त्या थांब्यावर येऊन उभे राहिलात. यासाठीही आभार मानायचेत, पण मला सांगायचंय ते ऑक्टोबरमधल्या त्या पक्षी मोजणीचं.

खाडीकाठच्या न्यूटनार्ड्स गावाच्या बाजूला भरती चढत होती. ब्रेंट हंस नुकतेच उतरले होते. कॅनडाच्या अगदी उत्तरेकडून, ग्रीनलंड आणि आइसलँड ओलांडून ते येतात आणि इथल्या चिखलातलं ईलग्रास नावाचं समुद्री गवत खाऊन अंग भरतात. आयर्लंडला येणाऱ्या या हंसांपैकी बहुतेकांचा शरद ऋतूतला पहिला मोठा मुक्काम हाच. तुम्ही पाण्यातल्या एका खांबाकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, 'डावीकडचे माझे, उजवीकडचे तुझे.' मी टेलिस्कोपला डोळा लावला आणि दहा, वीस, तीस करत मराठीतच मोजत सुटले. मध्येच थवा उठला, फिरला, परत बसला. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तुम्ही गप्प उभे होतात. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, पण घाई केली नाहीत.

मग विचारलंत, 'किती?' मी म्हटलं, ३४०. तुम्ही टेलिस्कोपकडे वळलासुद्धा नाहीत. सुतळीने बांधलेली ती पेन्सिल घेतलीत, वहीत ३४० लिहिलंत आणि पुढे माझी आद्याक्षरं घातलीत. 'यंदाची पिल्लं?' पंखांवर पांढऱ्या बारीक रेघा असतात ती यंदाची, हे तुम्हीच वाटेत शिकवलं होतं. मी २७ म्हटलं. तेही लिहिलंत.

बस, एवढंच. पण हे आकडे पुढे देशाच्या पाणपक्षी मोजणीत जातात, त्यावरून पक्षी वाढले की घटले ते ठरतं. तुम्ही इतकी वर्षं जपलेल्या वहीत माझा आकडा न तपासता गेला. या देशात आल्यापासून माझा शब्द असा कुणी धरला नव्हता. घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले, हे तुम्हाला माहीत नसेल.

गोड बोलणारी माणसं मला इथे पुष्कळ भेटली. त्यांचं काही वाईट नाही. पण आपलं काम दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देणारा माणूस विरळा, आपल्याकडेही आणि इथेही. परतताना तुम्ही १९६६ सालची गोष्ट सांगितलीत, इथे वन्यजीव योजना सुरू झाली तेव्हा बंदूकवाल्या शिकाऱ्यांनाही सोबत घेतल्याची. ज्यांना दारातून हाकलणं सोपं होतं, त्यांनाच आत बोलावलं. आणि खाडीच्या तळाशी असलेल्या हॉर्स मसलच्या शिंपल्यांचे थर जाळ्यांनी खरवडून गेले, २००३ मध्ये बंदी आली तरी ते पूर्वीसारखे झाले नाहीत, हे सांगताना तुमचा आवाज बसला होता. त्यात तुमचा काडीचा दोष नव्हता. सज्जन माणसाला दुसऱ्याने केलेल्या नुकसानीचीही लाज वाटते, ते मी त्या गाडीत पाहिलं.

तुमचे उपकार फेडण्याची भाषा करणार नाही, तुम्हाला ती आवडायची नाही. एक मात्र केलंय. माझ्या शेजारी केरळची एक नर्स राहते, सुट्टीच्या दिवशी यायचं म्हणतेय. तिच्याकडेही गाडी नाही. तिला मी बसचा थांबा सांगून ठेवलाय. पुढच्या मोजणीला खांबाच्या उजवीकडचे हंस तिला देऊ या का?

तुमची,
न्यूटनार्ड्सची एक स्वयंसेविका