रिपोर्ट आला की त्याच दिवशी सांगा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "त्या ग्रुपला जायला लागल्यापासून तू कोरडा झालास. बाबांना अँजिओप्लास्टीला आत नेलं तरी तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही." आणि बाबा, तुम्ही मागून विचारलंत, अनोळखी माणसांपुढे बसून हा घरातलं काय काय सांगतो कोण जाणे. दोन्ही गोष्टी मनात राहिल्या. फोनवर बोलताना माझं अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय.

आधी बाबांचं. तिथं घरातलं फारसं निघतच नाही. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी असं त्या मानसोपचाराचं लांबलचक नाव आहे, सगळे डीबीटीच म्हणतात, आणि मी जातो तो त्याचा स्किल्स ग्रुप, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारा गट. गोल करून बसलेली माणसं, एक जण आपली कर्मकहाणी सांगतोय आणि बाकीचे डोळे पुसताहेत, असं काही तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल तर तसं ते नाही. तो सरळ वर्ग आहे. फळा आहे, छापील पानं आहेत, गृहपाठ आहे. आठवड्यातून एकदा, दोन-अडीच तास. चालवणारे दोघं असतात. एक जण शिकवतो, तेव्हा दुसऱ्याचं लक्ष कोण गप्प झालंय, कोणाला जड जातंय याकडे असतं. सुरुवातीला थोडा वेळ मन एका जागी आणायचा सराव. मग गेल्या आठवड्याचा गृहपाठ: कोणी काय वापरून पाहिलं, चाललं का, नाही चाललं तर नेमकं कुठे अडलं. मध्ये छोटी सुट्टी, आणि मग नवा धडा. जुनी दुखणी तिथं उकरत नाहीत, त्यासाठी थेरपिस्टबरोबर वेगळं, एकट्याचं सत्र असतं. ग्रुपमध्ये ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे. सलग चार आठवडे गैरहजर राहिलं तर नाव कमी होतं, हाही नियम, आणि तो मला मनापासून पटतो. कारण ज्या आठवड्यात मन सगळ्यात बिघडलेलं असतं, नेमकं त्याच आठवड्यात जाऊ नये असं वाटतं.

शिकवायचे विषय चार. लक्ष वर्तमानात ठेवणं, म्हणजे माइंडफुलनेस. संकटाच्या घटकेला ती आणखी न बिघडवता निभावून नेणं. भावना ओळखणं आणि आटोक्यात ठेवणं. आणि माणसांशी बोलणं, मागणं, नाही म्हणणं. सगळा अभ्यासक्रम साधारण २४ आठवड्यांचा असतो आणि बरेच जण तो पुन्हा पहिल्यापासून करतात. मीही करतोय, कारण पहिल्यांदा डोक्यात शिरलेलं हातात यायला वेळ लागतो. पूर आल्यावर पोहायला शिकता येत नाही, ते आधी उथळ पाण्यात शिकून ठेवावं लागतं. ग्रुप म्हणजे माझ्यासाठी ते उथळ पाणी आहे.

हे सगळं बसवलं मार्शा लिनेहान यांनी, अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. त्यांच्याकडे येणारी माणसं जगणं नकोसं झालेली, पुन्हा पुन्हा स्वतःला इजा करून घेणारी. त्यांना नुसतं "असं वागू नका, तसं वागा" सांगितलं की वाटायचं, आपल्याला परत चुकीचं ठरवलं. आणि नुसतं जवळ बसून समजून घेतलं तर त्यांचं आयुष्य होतं तिथंच राहायचं. लिनेहान यांनी दोन्ही एकत्र धरलं: तू आत्ता जसा आहेस तसा मला मान्य आहेस, आणि तुला बदलावंही लागेल. १९९१ मध्ये या उपचाराची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, १९९३ मध्ये शिकवण्याची पुस्तकं आली. मग २०११ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या, दोन वर्षांहून जास्त. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता ना, सल्ला देणाऱ्याने आधी ते भोगलेलं असावं. या बाईंनी भोगलेलं आहे.

आता ज्या गोष्टीची तुम्हाला धास्ती आहे तिच्याबद्दल. "आईवडिलांनी बिघडवलं असंच शिकवत असतील," असं आई एकदा मावशीला म्हणाल्याचं मला कळलं. ते तसं शिकवत नाहीत. ते जे सांगतात त्याने उलट माझ्या मनातला एक जुना गुंता सुटला, म्हणून जरा नीट लिहितो.

काही माणसांचा पिंडच असा असतो की त्यांच्या भावना लवकर उसळतात, इतरांपेक्षा फार वर जातात, आणि उतरायला वेळ घेतात. हा भाग शरीराचा. असं मूल जेव्हा रडतं, चिडतं, घाबरतं, तेव्हा भोवतालच्यांना खरोखरच कळत नाही की एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय. मग घरात, शाळेत, नातेवाइकांत, सगळीकडून तेच ऐकू येतं: काही झालेलं नाही, उगाच रडू नकोस, मुलगा असून रडतोस काय. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, मुलाने खंबीर व्हावं एवढंच त्याला वाटत असतं. पण मूल त्यातून शिकतं की मला आतून जे वाटतंय ते खोटं आहे. आपल्याला राग आलाय की भीती वाटतेय हेच त्याला सांगता येईनासं होतं. मग ते सगळं दाबून टाकतं, नाहीतर मोठ्याने ओरडतं, कारण ओरडल्यावर कोणीतरी वळून बघतं. मुलगा ओरडतो म्हणून मोठी माणसं वैतागतात, मोठी माणसं वैतागतात म्हणून मुलगा आणखी ओरडतो. यात गुन्हेगार कोणी नसतो. पहिल्याच दिवशी आम्हाला जी गृहीतकं वाचून दाखवली त्यांत एक होतं: आपल्या सगळ्या अडचणी आपणच निर्माण केलेल्या नसतील, पण सोडवायच्या मात्र आपल्यालाच आहेत. हे ऐकल्यावर मला दोष द्यायला कोणी शोधायची गरजच उरली नाही. आई, तुलाही लोक लहानपणापासून हळवी म्हणत आले. तू माझ्याइतकीच लवकर भरून येतेस आणि तुला कोणी काही शिकवलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आता बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या दिवशीचं.

तो दिवस कठीण जाणार हे मला आधीच ठाऊक होतं. अशा प्रसंगाची पूर्वतयारी करायला शिकवतात. आदल्या रात्री मी कागदावर लिहून काढलं: बाबांना आत नेतील, दार बंद होईल, वेळ लागेल, आई रडेल, माझ्या छातीत धडधडेल. मग प्रत्येक ठिकाणी मी काय करणार तेही लिहिलं आणि डोळे मिटून तो प्रसंग मनात निभावून पाहिला. दार बंद झाल्यावर मी थोडा वेळ दिसेनासा झालो होतो ना, तेव्हा मी बेसिनपाशी वाकून, श्वास रोखून, डोळ्यांवर आणि गालांवर गार पाणी धरत होतो. श्वास रोखलेला असताना चेहऱ्याला गार पाणी लागलं की शरीर आपणहून हृदयाचे ठोके मंद करतं, पाण्यात बुडी मारल्यावर होतं तसं. विचारांशी वाद घालत बसण्यापेक्षा आधी शरीर खाली आणायचं, ही त्यामागची युक्ती. (बाबा, हे तुम्ही करून बघू नका. हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नसतं. श्वास घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्यायचा, मिनिटाला पाच-सहा श्वास, हे मात्र तुम्ही बसल्या जागी करू शकता. डॉक्टरांच्या कानावर तेवढं घाला.)

सांगितलेली वेळ उलटून गेली तेव्हा माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं: काहीतरी झालंय. इथं वस्तुस्थिती तपासायची असते. डोळ्यांनी काय पाहिलं? दार बंद आहे, एक नर्स घाईने आत गेली, घड्याळ पुढे सरकलंय. एवढंच. "काहीतरी झालंय" हे मी जोडलेलं. म्हणून मी उठून काउंटरवर विचारलं, आणि कळलं की आधीचा पेशंट लांबला होता, बाबांचं उशिराच सुरू झालं होतं. भीती वस्तुस्थितीला धरून नसली तर ती सांगेल त्याच्या उलट वागायचं, हा त्याच्या पुढचा धडा. भीती म्हणते लांब जा, तर जवळ जायचं. रागाच्या वेळी हळूच बाजूला व्हायचं, जमलं तर थोडं मऊ बोलायचं. उदास असताना अंथरूण सोडायचं. वाचताना सोपं वाटतं, करताना अंगातला कण न् कण विरोध करतो.

आणि काही गोष्टी तपासून बदलत नाहीत. बाबांच्या रक्तवाहिनीत अडथळा होता ही वस्तुस्थितीच होती. "आमच्याच नशिबी का" म्हणत तिच्याशी भांडायचं नाही, आहे ते आहे असं पूर्णपणे मानायचं आणि मग पुढचं बघायचं. मानणं म्हणजे पसंत करणं नव्हे, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. अजूनही एकदा मानून भागत नाही, तासाभरात परत मानावं लागतं.

तर आई, मला त्या दिवशी भीती वाटत होती. पूर्वी वाटायची तेवढीच. रात्री खोलीवर येऊन मी खूप वेळ रडलो. फरक एवढाच पडला की दिवसभर तुझा हात धरायला, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावायला आणि डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकून घ्यायला मी तिथं पूर्ण होतो.

याला पुरावा काय, असं बाबा विचारतीलच. २०१५ साली लिनेहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९९ स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना पूर्ण डीबीटी, काहींना मुख्यतः स्किल्स ग्रुप, आणि काहींना कौशल्यांचं शिक्षण वगळून फक्त एकट्याची थेरपी. आत्महत्येचे प्रयत्न तिन्ही गटांत कमी झाले, पण स्वतःला इजा करून घेणं, नैराश्य आणि चिंता यांत जिथं कौशल्यं शिकवली ते गट पुढे राहिले. त्याआधी २०१४ मध्ये चिंता किंवा नैराश्य असलेल्या, भावना आवरणं अवघड जाणाऱ्या ४४ प्रौढांचा एक अभ्यास झाला होता. त्यातही नुसत्या आधार गटापेक्षा स्किल्स ग्रुपमधल्यांना भावना सांभाळणं जास्त जमू लागलं. अभ्यास लहान आहेत, मान्य. ग्रुप औषधाची जागा घेत नाही, आणि ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला एकट्या ग्रुपवर सोडत नाहीत, सोबत थेरपिस्ट लागतोच. मी गोळ्या बंद केलेल्या नाहीत, आई, तेवढी काळजी करू नकोस.

ग्रुपमध्ये आणखी एक मिळतं, जे पुस्तक वाचून मिळालं नसतं. माझ्यापेक्षा वयाने कितीतरी मोठ्या एक बाई परवा गृहपाठ सांगताना म्हणाल्या की सुनेशी बोलताना त्या पहिल्यांदा मध्येच थांबू शकल्या. नुसतं थांबल्या. आम्ही सगळे खूश झालो, कारण त्या थांबण्याला किती ताकद लागते ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तुम्ही काय करावं, असं आई, तू विचारलं होतंस. मला समजावू नका, आधी फक्त ऐका. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" याऐवजी "तुला वाईट वाटलं असणार" एवढं म्हटलंत तरी माझं अर्धं ओझं उतरतं. त्याचा अर्थ माझं बरोबर आहे असं तुम्ही कबूल केलंत असा होत नाही. मला जे वाटतंय ते तुम्हाला दिसलं, एवढाच. आणि बोलता बोलता "मी थोड्या वेळाने फोन करतो" असं मी म्हटलं तर रागावू नका. मी नक्की करतो.

आता माझं मागणं. ग्रुपमध्ये सध्या तेच चाललंय, आपल्या माणसाकडे स्पष्ट शब्दांत कसं मागायचं. त्याच पद्धतीने लिहितो. बाबांचा अँजिओग्राफीचा रिपोर्ट आल्यावर तुम्ही दोघांनी तो मला बरेच दिवस सांगितला नाहीत. मला सोसणार नाही म्हणून, हे मला माहीत आहे. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि त्यानंतर तुम्ही फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणालात की माझी धास्ती उलट वाढते, कारण ठीक म्हणजे काय ते मला कळेनासं झालंय. यापुढे रिपोर्ट आला की त्याच दिवशी मला सांगा, जसा असेल तसा. कदाचित मी रडेन. माझा आवाज कापेल. त्याचं काय करायचं ते मला आता येतं. तुम्ही सांगितलंत तर मला रोज अंदाज बांधत बसावं लागणार नाही, आणि दवाखान्याची धावपळ तुम्हा दोघांवर पडणार नाही.

पुढच्या तपासणीची तारीख मला कळवा, मी सुट्टी टाकून येतो. ग्रुपच्या संध्याकाळी माझा फोन बंद असतो, तेव्हा लागला नाही तर घाबरू नका, रात्री मीच करेन. बाबा, संध्याकाळचं चालणं डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच करा.

तुमचा,
मुलगा