सहल डिसेंबरात, पळस फाल्गुनात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी बडोद्यातल्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवते. दरवर्षी डिसेंबरात आमची सहल निघते. बस, वॉटर पार्क, बटाटेवडे. वड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलांना झाडं दाखवायची तर फाल्गुनच हवा, आणि फाल्गुनात आमच्याकडे ‘रिव्हिजन’ चालते. यंदा दोन तास शहरातल्या कमाटीबागेत जायला मला चार अर्ज आणि तीन आठवडे लागले. एका आईनं चिठ्ठी पाठवली, ‘कमाटीबागेजवळ मगरी आहेत ना?’ आहेत की, बागेजवळच्या विश्वामित्री नदीत! त्या दिवशी पुलावरून एकही दिसली नाही, म्हणून उलट मुलंच हिरमुसली.

शनिवारी सकाळी चौतीस जणांना घेऊन निघाले. वाटेत रेल्वेच्या भिंतीपलीकडे एक पळस आहे. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण वर्गाला पाठ. एकानं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, ‘बाई, याला तर एकही नाही!’ खरंच होतं. पळस फुलतो तेव्हा बहुतेक पानं गळून गेलेली असतात. मग भिंतीकडेच्या कचऱ्यात शोधाशोध. एकीला वाळकं पान मिळालं, एका देठाला तीन दलं, मधलं जरा मोठं. तिची आई दर धुळेटीला, म्हणजे धुळवडीला, केसूडा भिजवून त्या पाण्यानं तिला अंघोळ घालते. केसूडा म्हणजेच हा पळस, हे तिला तिथे उभं राहून कळलं. वर्षभर पर्यावरण शिकवूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, की तिला ठाऊक नसेल.

बागेत सावरीखाली झाडणाऱ्या मावशी फुलांचा ढीग लोटत होत्या. आम्हाला पाहून थांबल्या. ‘लो बेन, छोकराओने आपो. शीमळो छे.’ शीमळो म्हणजे गुजरातीत सावर. पाच जाड, गुळगुळीत पाकळ्या, फूल हातात चांगलं जड लागतं. पुंकेसर मोजताना एक जण चाळिशीच्या पुढे चुकला, पुन्हा एकपासून सुरू. वर साळुंक्या या फुलातून त्या फुलात चोची बुडवत होत्या. परागीभवनाचा धडा मी परत येऊन फळ्यावर घेतला, तर तो मुलांनीच मला सांगितला.

ही बाग सयाजीराव महाराजांनी 1879 साली उभारली आणि 1906 मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बाग आहे, शाळा आहे, आडवं येतं ते वेळापत्रक.

शाळांचं वार्षिक नियोजन जूनमध्ये ठरतं. तेव्हाच फाल्गुनातले दोन शनिवार सकाळचे मोकळे ठेवावेत, एवढीच शहरातल्या शाळाचालकांना विनंती. बस लागत नाही. फी लागत नाही. पाण्याची बाटली आणि टोपी मात्र सक्तीची, दहानंतर ऊन चटके देतं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे